पुरळ, कारण नोंदलेले नाही

फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये आदल्या दिवशीच्या नोंदी कॉम्प्युटरवर करत होते. मेढ्याजवळच्या गावाहून सपकाळ काकू बोलत होत्या. "सुजाता, ह्ये गेले गं," एवढं म्हणून त्या थांबल्या. मागं बायकांचे आवाज येत होते, कुणाचं तरी भांडं पडलं. "सकाळी च्या मागितला. म्या चुलीवर ठिवला आन वळून बगितलं तर..." मी नुसती "हो काकू, हो काकू" म्हणत राहिले. फोन ठेवला, स्क्रीनवरचा पुढचा कागद उघडला, डॉक्टरांनी लिहिलेला आजार वाचला, त्याचा कोड घातला आणि खालचा कागद उघडला. असे सहा-सात झाल्यावर शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, कुणाचा फोन होता?" तेव्हा कुठं मला रडू फुटलं. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. लिहावं की लिहू नये, यातच तो गेला. काकांविषयी लिहायचं तर माझ्याविषयीही लिहावं लागणार, आणि ते सोपं नाही...

शंकर सपकाळ हे त्यांचं नाव. जावळीतल्या डोंगरातला माणूस. गावातली पोरं जातात तसे दहावीनंतर फौजेत गेले, आणि अक्षर चांगलं निघालं म्हणून बंदुकीऐवजी लष्करी इस्पितळाच्या दप्तरात बसले. हवालदार होऊन बाहेर पडले ते सांगलीतल्या आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयात रेकॉर्ड विभागाला लागले आणि पुढं तिथलेच झाले. काकू गावाकडं, हे सांगलीत एका खोलीत. महिन्यातून दोनदा एसटीनं सातारा, तिथून दुसऱ्या गाडीनं मेढा. दवाखान्यातले शिपाई आणि सिस्टर मानानं त्यांना 'सुभेदार' म्हणायचे, तर हे प्रत्येक वेळी थांबून दुरुस्त करायचे. "हवालदार. सुभेदार न्हाई. जे न्हाई ते लावू नगा." मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला माणूस तिरसट वाटला. एवढं काय, कुणी वरची पायरी दिली तर घ्यावी की! पण त्यांचा सगळा स्वभाव त्या एका वाक्यात होता, हे कळायला मला दोन-तीन वर्षं लागली.

आमचं काम बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो म्हणतो, म्हणजे क्लार्कच ना? तसंच आहे. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाचा आजार डॉक्टर आपल्या घाईच्या अक्षरात लिहितात. त्या आजाराला जगभर चालणारा एक कोड असतो, एक इंग्रजी अक्षर आणि पुढं आकडे. तो शोधून कागदावर चढवायचा. पुढं कधीतरी हे सगळे कोड मोजले की कुठल्या भागात कुठला आजार पसरलाय ते समजावं, अशी त्यामागची कल्पना. मी तासगावच्या बाजूची, बी.एस्सी. झालेली, घरात पहिली नोकरी करणारी. पहिल्या दिवशी काकांनी माझ्यापुढं दहा केसपेपर टाकले आणि एक जाड पुस्तक ठेवलं. दहातल्या तिघांवर डॉक्टरांनी नुसतं 'रॅश' लिहिलं होतं. म्हणजे अंगावर पुरळ. मी पुस्तकात हुडकून मोठ्या उत्साहानं तिन्हींवर 'आर एकवीस' लिहिलं.

"ह्ये काय?" काकांनी विचारलं.

"पुरळ, काका. पुस्तकात आहे तसं."

"पुस्तकात हाय, खरं. पर आर मंजी काय? आर मंजी नुसतं लक्षण. एकाद्याच्या घरातनं धूर निगतोय, तर धूर लिवून गप बसायचं, का आत काय जळतंय ते बगायचं?"

मग त्यांनी ते तीन कागद उचलले, मला मागून यायला सांगितलं आणि आम्ही दोन मजले चढून त्वचारोगाच्या ओपीडीत गेलो. डॉक्टर वैतागले. काका दारात हात मागं बांधून उभे राहिले, फौजेत उभं राहावं तसे. एकाला खरूज होती, एकाला औषधाची रिअॅक्शन आली होती, आणि तिसऱ्याचं डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. तिसऱ्याचा आर एकवीस राहिला. खाली येताना काका म्हणाले, "नाइलाज असंल तर लावावा, त्यात पाप न्हाई. पर एकाच मानसाला तिसऱ्यांदा आर एकवीस आला, तर फाईल सोडायची न्हाई. वर न्यायची आन डॉक्टरला मागचे दोन कागद दावायचे. त्यो मानूस तीन येळा आलाय आन तीन येळा कुनाला काय कळलं न्हाई, ह्ये फकस्त आपल्यालाच दिसतंय. डॉक्टर बदलत्यात. कागद आपल्याकडं असतो." हा त्यांचा नियम. पुस्तकात तो कुठं नव्हता.

त्याच वर्षी द्राक्षाच्या दिवसांत त्यांना दुसरी एक गोष्ट दिसली. पुरळाचे कागद वाढले होते, आणि त्यातल्या बहुतेक बायका तासगावच्या आसपासच्या होत्या. त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडं काय चाललंय गं? मी माझ्या आईचे हात आठवून सांगितलं. मणी फुगावेत म्हणून द्राक्षाचे कोवळे घड औषधाच्या पाण्यात एकेक करून बुडवतात. आमच्याकडं त्याला डिपिंग म्हणतात. बायका हातात औषधाचा मग घेऊन दिवसभर मांडवाखाली उभ्या असतात आणि पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत राहतं. पुढं बेदाण्याच्या शेडवर द्राक्षं बुडवायला वेगळं पाणी, वेगळं तेल. माझ्या आईच्या हातांना दर हंगामात आग सुटायची, कातडं फुटायचं. ती खोबरेल लावायची आणि दुसऱ्या दिवशी जायची. मी लहानपणापासून ते बघत होते, आणि दवाखान्यात बसून त्याच हातांच्या कागदांवर मी आर एकवीस लिहीत होते. मला तोवर त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

काकांनी मग तो हंगाम ओपीडीच्या बाकावर काढला. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की डबा घेऊन वर जायचे, बायकांच्या शेजारी बसायचे आणि विचारायचे, "आवं ताई, काम काय करता? हाताला काय लागतं? कवापासनं उठलंय?" बायका आधी लाजायच्या, मग भडाभडा बोलायच्या. ते चिठ्ठीवर लिहून केसपेपरला टाचणी मारायचे. डॉक्टर पहिले काही दिवस चिडले, नंतर निमूटपणे त्या चिठ्ठीवरून आजाराच्या पुढं कारण लिहायला लागले, बहुधा वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं म्हणून. त्या हंगामात आमच्या रजिस्टरात आर एकवीस जवळपास दिसेनासा झाला. त्याच्या जागी एल पंचवीस आला, रसायन लागून होणारा त्वचेचा दाह. मी इतका आनंद पुढं कुठल्या कामात पाहिला नाही. काकांनी ती यादी स्वतःच्या अक्षरात उतरवली, बायकांची नावं गाळून, गावं आणि कामं ठेवून, आणि दवाखान्याच्या विश्वस्तांना दिली. एक प्रत सरकारी आरोग्य खात्याला पाठवली. खात्याकडून पोच आली. नंतर काही आलं नाही. विश्वस्तांच्या बैठकीत काय झालं ते आम्हाला शिपायाकडून कळलं. एका विश्वस्ताच्या स्वतःच्या द्राक्षबागा होत्या. ते म्हणाले, दवाखाना चालवायचाय की बागायतदारांची बदनामी करायचीय? विषय संपला. काकांना बोलावून कुणी रागावलंही नाही. रागावले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

पुढच्या हंगामात ते पुन्हा बाकावर जाऊन बसले. त्याच्या पुढच्याही. माझी आई एकदा त्याच बाकावर त्यांच्या शेजारी बसली होती. त्यांनी तिला रबरी हातमोजे आणून दिले. तिनं दोन दिवस घातले. आत पाणी शिरून हात जास्तच उकलले, मग ते मोजे आमच्या चुलीजवळ पडून राहिले. आई अजूनही जाते. नको म्हटलं तर म्हणते, घरी बसून काय करू?

मग सॉफ्टवेअर आलं. डॉक्टर वरच टाइप करायचे, आमच्या स्क्रीनवर खाली यायचं. 'रॅश'ची पहिली दोन अक्षरं उमटली की खाली आपोआप आर एकवीस यायचा आणि फक्त एंटर दाबायचं. एका कागदाला किती वेळ लागला तेही वर ऑफिसात दिसायचं. चिठ्ठीला टाचणी मारायला कागदच राहिला नाही. काका काही महिने झगडले. जिना चढून जायचे, डॉक्टर म्हणायचे, "हवालदार, आता सिस्टीममध्ये आहे ना सगळं." त्यांचं निवृत्तीचं वय केव्हाच होऊन गेलं होतं, मुदतवाढीवर होते. ती पुढच्या वेळी मिळाली नाही. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. पुरळाचं कुणी बोललं नाही. काकांनी भाषण केलंच नाही, नुसते हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी मी बसले.

यानंतरचं लिहायचं होतं म्हणूनच दीड महिना गेला.

दोन वर्षं ते गावी होते. अधूनमधून फोन यायचा, काय चाललंय, पोरी नीट काम करत्यात का. मग एका उन्हाळ्यात ते स्वतः दवाखान्यात आले, पेशंट म्हणून. फौजेच्या दवाखान्यात जाता आलं असतं, पण त्यांचा विश्वास इथंच. चेहरा उतरला होता, चष्म्याच्या काचेआड डोळ्यांच्या पापण्या जांभळट, सुजल्यासारख्या दिसत होत्या. हाताच्या बोटांच्या सांध्यांवर लालसर चट्टे. "उनानं झालं असंल," म्हणाले. "शेताच्या बांदाला कुंपन घालत हुतो." डॉक्टरांनी अॅलर्जी म्हणून गोळ्या, मलम दिलं. खाली येऊन त्यांनी आमच्याबरोबर चहा घेतला, कामावरच्या मुलींची चौकशी केली, एसटी गाठायची म्हणून लवकर उठले. दोन महिन्यांनी परत आले. डॉक्टर दुसरे होते. उन्हाचंच म्हणाले, मलम बदललं. तिसऱ्या वेळी तिसरे डॉक्टर. त्या दिवशी ते रेकॉर्ड रूममध्ये बसले असताना मी जुनी एक फाईल वरच्या कप्प्यात ठेवायला निघाले, तर सवयीनं ते उठले आणि माझ्या हातातून त्यांनी फाईल घेतली. हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथं थांबला. फाईल परत माझ्या हातात देत म्हणाले, "तूच ठिव. खांद्यात आता जोर न्हाई ऱ्हायला." मी हसून म्हटलं, "काका, वय झालं आता." तेही हसले. मी हे वाक्य किती सहज बोलले! तो हात माझ्या डोळ्यांपुढं उभा होता. आजाराची शेकडो वर्णनं मी रोज वाचते...

चौथ्या वेळी ते आले तेव्हा महिनाअखेर होती. माझ्यापुढं कामाचा डोंगर होता. दुपारी काका काउंटरच्या खिडकीशी आले, म्हणाले, "लय गर्दी हाय का?" मी म्हटलं, "काका, आज अजिबात फुरसत नाही, पुढच्या वेळी निवांत बसू." ते "हां हां" म्हणून थोडा वेळ खिडकीशीच उभे राहिले आणि मग गेले. संध्याकाळी त्यांचं नाव माझ्या स्क्रीनवर आलं. काकांचा कागद आहे, मुलींकडं नको, आपणच करू, असं मला मायेनं वाटलं, हेही मला आठवतं. डॉक्टरांनी 'रॅश' लिहिलं होतं. खाली आर एकवीस आला. डाव्या बाजूला आधीचे तीन कागद दिसत होते, तिन्हींवर आर एकवीस. मी ते पाहिले. पाहिले नाहीत असं म्हणायची सोय मला नाही. मी एंटर दाबलं आणि पुढचं नाव घेतलं.

त्यानंतर चार महिन्यांनी त्यांच्या पुतण्यानं त्यांना कराडला लागून असलेल्या मलकापुरात एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं, कारण घास गिळताना ठसका लागत होता. ते सगळं मला नंतर पुतण्याकडून समजलं. बाईंनी पापण्या पाहिल्या, बोटं पाहिली आणि म्हणाल्या, "काका, हात डोक्यावर न्या बघू." हात जाईना. "मग केस कोण विंचरतं?" काका म्हणाले, "मंडळी विंचारती. लय दिस झालं." बाईंनी पुढं काही विचारलं नाही, तपासण्या लिहून दिल्या. कातडीवर दिसत होता तो आजार स्नायूंचा होता, आणि त्याचं मूळ त्याच्याही आत, फुफ्फुसात होतं. कर्करोग. तो पसरलेला होता. पुढं मी त्या डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटले. त्यांना विचारलं, चार महिने आधी, सहा महिने आधी कळलं असतं तर? "सांगता येत नाही," म्हणाल्या. "कदाचित उपयोग झाला असता. कदाचित नसता." मला यातलं एक काहीतरी हवं होतं, कुठलंही एक. ते मिळालं नाही.

मी मेढ्याला गेले ती दिवाळीनंतर. काका पडवीत कॉटवर होते. आवाज नाकातून येत होता, पाणी चमच्यानं द्यावं लागत होतं. काकूंनी मला चहा दिला आणि मागच्या दारी भांडी घासायला गेल्या. मी मनाशी ठरवून गेले होते.

"काका, तुमचा चौथा कागद मी केला होता. मुलींनी नाही, मीच."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. "आदीचे तीन दिसत हुते का?"

"दिसत होते."

"मंग?"

काय सांगणार होते, महिनाअखेर होती म्हणून? त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच ते म्हणाले, "म्या बी आलतो गं त्या दिशी खिडकीवर. डॉक्टरच्या टेबलावर म्या बगितलं हुतं काय लिवलंय ते. तुला सांगावं म्हनलं, चौथ्यांदा झालं बग ह्ये. पर तुज्याम्होरं एवडं काम..." आणि पुढं ठसका लागला. मी त्यांना धरून बसतं केलं. पाठीची हाडं हाताला लागत होती. ठसका थांबल्यावर त्यांनी विचारलं, "तासगावच्या बाया येत्यात का अजून?"

"येतात."

"काय लावता?"

मी पाण्याचं भांडं आणि चमचा जवळ ओढला. त्यांना उत्तर मिळालं. त्यांनी मान दुसरीकडं वळवली, भिंतीकडं, आणि मी निघेपर्यंत ती तशीच होती. काकू आत आल्या तेव्हा म्हणाल्या, "दमलेत. बोलल्यावर दमत्यात." मी काकांच्या पायाला हात लावला आणि निघाले. माफी मागायची राहिलीच. मागितली असती तर त्यांनी काय केलं असतं, मला माहीत नाही. ते खोटं काही बोलले नसते, एवढं माहीत आहे.

तिथून आल्यावर मी पुन्हा जिने चढायला लागले. पुरळाचा प्रत्येक कागद छापून घेऊन वर. त्वचारोगाच्या ओपीडीत आता एक तरुण डॉक्टर आहेत, सभ्य आहेत, ते म्हणायचे, "मॅडम, बाहेर रांग बघा ना." अकरा दिवस मी हे केलं. बाराव्या दिवशी ऑफिसातून लेखी विचारणा आली, की रेकॉर्ड विभागाचं काम मागं का पडतंय. माझ्या हाताखाली तीन मुली आहेत, त्यांच्या नोकऱ्या कंत्राटी आहेत. मी जाणं थांबवलं. काकांनी थांबवलं नसतं असं लिहायला मला आवडलं असतं, पण त्यांच्याही हातून ते शेवटी सुटलंच होतं.

काका गेल्यावर आठवड्याभरानं मी एक प्रयत्न केला. चौथ्या वेळी त्यांना ज्यांनी तपासलं होतं त्या डॉक्टरांकडं गेले आणि म्हटलं, आता निदान माहीत आहे, तुम्ही सही द्या, मी जुन्या नोंदीत खरा आजार चढवते. ते मला ओळखत होते, काकांनाही. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. म्हणाले, "ताई, त्या दिवशी मला पुरळच दिसलं होतं हो. मला त्याच्यापुढचं दिसलं नाही. आता मागं जाऊन दिसलं होतं असं कसं लिहू?" मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांचं बरोबर होतं, आणि काका असते तर त्यांनीही ती सही घेऊ दिली नसती. चारही नोंदी आहेत तशा आहेत.

परवा काकू आल्या. फौजेच्या कार्यालयात द्यायला दवाखान्याचे जुने कागद हवे होते. एकट्या आल्या होत्या, पहाटे निघून, सातारला गाडी बदलून. मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि चारही भेटींचे कागद छापून त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला. चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, इंग्रजी अक्षरं नातवंडांमुळं थोडी ओळखता येतात. एकेक कागद त्यांनी सावकाश पाहिला, मग चारही शेजारी शेजारी मांडले आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"सुजाता, चारींवर खाली ह्ये एकच काय लिवलंय गं? ह्यो आर आन त्यो आकडा?"

"कोड आहे काकू. पुरळाचा."

"मंजी?"

"म्हणजे... अंगावर उठलेलं दिसलं, पण ते कशानं आलंय ते कळलं नाही, असं."

"कळलं न्हाई," त्या म्हणाल्या. बोट एका कागदावरून दुसऱ्यावर नेत राहिल्या. "मंग बरुबरच लिवलंय की. कुनालाच कळलं न्हाई. मला बी न्हाई. रोज केस विंचारत हुते मी." चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला. "इथं ह्ये लिवतं कोन?"

"आम्हीच लिहितो. इथंच."

"ह्ये म्हनायचे," काकू म्हणाल्या, "सुजाता हाय तितं, आता मला घोर न्हाई."

मी कागदांवर शिक्के मारले आणि पाकिटात घातले. दुपारची वेळ होती, त्यांना रिक्षात बसवून स्टँडवर सोडायला गेले. साताऱ्याची गाडी लागली होती. त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. पाकीट पिशवीत घालायला त्या तयार नव्हत्या, चुरगळंल म्हणाल्या, मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी धरून बसल्या. कंडक्टर अजून खाली चहा पीत होता. गाडी सुटायला दहा मिनिटं तरी होती. चौथा कागद मीच केला होता, हे सांगायला वेळ होता... मी खिडकीखाली उभी राहिले, काकू पुतण्याच्या मुलीच्या लग्नाचं काहीबाही बोलत राहिल्या, मी हो हो म्हणत राहिले. मग गाडी सुटली. मी त्यांना सांगितलं नाही.